रबराला तेल लावू नये

डबा स्टीलचा होता, घट्ट झाकणाचा, आणि मैत्रिणीने तो इतक्या जपून माझ्यापुढे ठेवला की मला वाटलं घावणे असतील. आमच्या परळच्या गणपतीच्या कारखान्यात ती रिकाम्या हाताने कधी येत नाही. गिरगावात राहते, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो, त्यामुळे माझी भुकेची वेळ तिला पाठ आहे. मी हाताला लागलेलं प्लास्टर ओढणीला पुसलं आणि झाकण उघडलं.

आत रुमालात गुंडाळलेली एक जांभळी वस्तू होती. ती काय आहे हे कळायला मला एक क्षण लागला, आणि कळल्यावर मी झाकण असं दाणकन लावलं की पलीकडे प्लास्टर कालवणाऱ्या कारागिराने मान वर करून बघितलं.

"अगं बाई!" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "खराब झालंय ते. तू साच्यांचं काम करतेस, म्हणून तुझ्याकडे आणलं. दुरुस्त होईल का बघ ना."

ही माझी मैत्रीण संकष्टी धरते, वर्गात पोरं हिला टरकतात. हिचा नवरा गेला त्याला काही वर्षं झाली. इतकी वर्षं मी हिला जेवलीस का, औषध घेतलंस का, पेन्शनचं काम झालं का, सगळं विचारत आले. हिच्या शरीराला अजून काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आता ते डब्यातून माझ्यापुढे आलं होतं.

"इथे आणलंस? बाप्पांच्या समोर?" मी दात-ओठ खात म्हटलं. चारी बाजूंना फळ्यांवर पांढऱ्याफटक मूर्ती ओळीने सुकत होत्या.

तिने एकदा सगळीकडे नजर फिरवली. "अजून आखणी कुठे झालीय? डोळेच नाहीत तर बघणार कोण?"

मला रागवायचं होतं, पण हसू फुटलं. मग मात्र मी तिला दंडाला धरून पोटमाळ्यावर नेलं. तिथे आमचे जुने साचे ठेवलेले असतात आणि कारागीर हाक मारल्याशिवाय वर येत नाहीत.

वर गेल्यावर डबा पुन्हा उघडला. लाज होतीच, पण एकदा वस्तू हातात आली की माझं लक्ष मालाकडे जातं, त्याला मी काय करू? मी ती रुमालाने धरून खिडकीपाशी नेली. एका बाजूला ती फुगली होती. वरचा थर चिकट झाला होता आणि अंगठा दाबला तर ठसा तसाच राहत होता. हे मी याआधी पाहिलं होतं, अगदी असंच.

"काय लावत होतीस याला?"

"जेल. चांगलं महागातलं, ऑनलाइन मागवलेलं." तिने फोनवर बाटलीचा फोटो दाखवला. मी तो मोठा करून वाचला. जेल सिलिकॉनचं होतं.

"आणि ही वस्तू?"

"तीही सिलिकॉनची. म्हणून तर घेतलं. म्हटलं, दोघं एका जातीचे, पटेल त्यांचं."

मी कपाळाला हात लावला. "तिथेच चुकलीस. सिलिकॉन सिलिकॉनला धरतं. शोषून घेतं, फुगतं, चिकट होतं. आमच्या मुकुटाचे छोटे साचे सिलिकॉनचे आहेत, त्यांची मी याच कारणाने किती काळजी घेते! हे आता गेलं. टाकून दे."

आमच्या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. मूळ मूर्तीवर पातळ रबराचे थरावर थर चढवायचे, ते वाळले की सोलून काढायचे, झाला साचा. त्यात प्लास्टर ओतायचं. प्लास्टर साच्याला चिकटू नये म्हणून आतून साबणाचं पाणी फिरवायचं. साबणाचंच, तेल कधीही नाही. माझ्या वडिलांनी कारखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: रबराला तेल लावू नये. ते गेले, कारखाना माझ्याकडे आला, भिंतीला दोनदा चुना झाला, पण तेवढा तुकडा मी तसाच ठेवला. तरी पेणहून आलेल्या एका नव्या कारागिराने मूषकाच्या साच्याला खोबरेल चोळलं होतं. लवकर सुटेल म्हणून! आधी काहीच झालं नाही. मग रबर मऊ पडलं, हाताला चिकटायला लागलं, आणि एक दिवस साचा सोलताना मूषकाच्या कानापाशी टर्रकन फाटला. त्या माणसाला मी जे बोलले ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगत होते. कारागिरांना झापते तोच सूर लागला होता. "डोक्यात ठेव. रबराला तेल नाही, सिलिकॉनला सिलिकॉन नाही. पाण्याचं असेल ते दोघांना चालतं. तू पाण्याचं जेल घ्यायचंस, एवढी शिकलेली बाई तू."

"बरं बाई, पाण्याचं घेईन," ती म्हणाली. मग गणिताच्या बाईला शोभेलसा प्रश्न तिने विचारला. "आणि कंडोम कशाचा असतो गं?"

"रबराचाच की. आपलं हेच, झाडाच्या चिकाचं. फक्त पातळ, अगदी..."

आणि मी थांबले.

पायाखालची जमीन सरकणे हे मी लोकांच्या तोंडून हजारदा ऐकलंय. माझी सरकली नाही. मी साच्यांच्या ढिगावर मटकन बसले. डोळ्यांपुढे आमच्या लालबागच्या घरातलं कपाट आलं. त्यात साड्यांच्या मागे एक बाटली असते. सासूबाई गावाहून घाण्यावरचं खोबरेल पाठवतात, त्यातलं ओतून ठेवलेलं. आमच्याकडे खोबरेल कशाला लागत नाही? केसांना, टाचांना, भाजलं-कापलं तर, बाळाच्या टाळूला, देवाच्या समईला. दोनेक वर्षांपूर्वी मला नवऱ्याजवळ जाताना दुखायला लागलं. कोरडं पडायचं, आग व्हायची. कोणाला विचारणार? मी आपली खोबरेलाची बाटली कपाटात नेऊन ठेवली. नवऱ्याला म्हटलं, हे शुद्ध आहे, घरचं आहे. तोही हो म्हणाला.

घरचं आणि शुद्ध! भिंतीवर बापाने लिहून ठेवलंय, दिवसभर मी त्याच्याखाली उभी राहून दुसऱ्यांवर डाफरते, आणि घरी जाऊन तेच तेल त्याच रबराला लावते. तेही साच्यापेक्षा कितीतरी पातळ रबराला. दोन वर्षं. मला एकदाही, एकदाही सुचलं नाही! कारखान्यातलं रबर आणि घरातलं रबर ही माझ्या डोक्यात दोन वेगळी रबरं होती.

मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सांगावं लागलं नाही.

"खोबरेल?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"पाळी कधी आली होती?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. बरेच दिवस आली नव्हती. वय झालं, आता असंच मागेपुढे होणार, असं म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मला घाम फुटला.

कारण माझ्यासाठी ही नुसती अडचणीची गोष्ट नव्हती. धाकट्याच्या बाळंतपणात माझं रक्त थांबता थांबत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी बसून म्हणाल्या, "यापुढे हे धाडस करू नका. पुढच्या वेळी तुम्हाला वाचवू याची मी खात्री देणार नाही." गोळ्या मला रक्तदाबामुळे चालत नाहीत. तांबी बसवली ती अंगावरून जायला लागल्यामुळे काढावी लागली. पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर चढायचं नाही हा माझा हट्ट, आणि नवऱ्याच्या ऑपरेशनचं नाव निघालं की सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. राहिला कंडोम. इतकी वर्षं माझा जीव त्या पातळ रबराच्या भरवशावर होता आणि मी त्याला रोज, म्हणजे रोज नाही, पण तुम्हाला कळलं, तेल पाजत होते.

"ऊठ," मैत्रीण म्हणाली. "दादरला जाऊ."

दादरला, कारण आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे गणपती आमच्याच कारखान्यातून जातो. त्याच्याकडे हे कसं मागणार? बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तिच्या पर्समध्ये तो डबा होता. मला सारखं वाटत होतं की समोरची भाजीची पिशवी घेतलेली बाई आमच्याकडे बघून सगळं ओळखतेय.

दुकानात गर्दी होती. मैत्रीण पुढे झाली आणि तिने तिच्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, "प्रेग्नन्सी टेस्टचं किट द्या. आणि लुब्रिकंट दाखवा, कंडोमसोबत चालणारं." माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारी खोकल्याचं औषध घेणारे काका दोन पावलं सरकले.

काउंटरवरच्या माणसाने न लाजता काचेवर पेट्रोलियम जेलीची डबी ठेवली. "ये लो मॅडम. सेम काम करतं, स्वस्त पण आहे."

मी त्या डबीकडे बघतच राहिले. मगाशी मला वाटलं होतं की अडाणी मी एकटीच. "अहो, हे तेलाचंच आहे," मी म्हटलं. लाज कुठल्या कुठे गेली. "याने रबर कुजतं. कंडोमला हे चालत नाही. बेबी ऑइल नाही, क्रीम नाही, खोबरेल तर अजिबात नाही. हे तुम्ही सगळ्यांना देता?"

"अभी तक कोई कम्प्लेंट नाय आला," तो म्हणाला.

कंप्लेंट! कंप्लेंट करायला कोण येणार होतं? मी किती घरं आत्तापर्यंत फसली असतील त्याचा विचार करत उभी राहिले, आणि मैत्रिणीने माझ्या हाताला चिमटा काढला. मग त्याने खालच्या खणातून आणखी दोन-तीन खोके काढले. रबराचे डबे घेताना मी मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे देत नाही, तसंच इथेही वाचलं. एक सिलिकॉनचं होतं. कंडोमला ते चालतं, पण मैत्रिणीच्या कामाचं नाही, ते मी बाजूला केलं. एक ऊब देणारं, वर वासाचं, ते माझ्या आधीच आग होणाऱ्या अंगाला कशाला? राहिलेल्या ट्यूबवर घटकांत पहिलंच पाणी लिहिलं होतं, तेल कुठेच नव्हतं, वास नव्हता, आणि लॅटेक्स कंडोमसोबत वापरता येतं असं स्पष्ट छापलं होतं. पाण्याचं लवकर सुकतं, पुन्हा लावावं लागतं, तेवढं मला साबणाच्या पाण्यावरूनच ठाऊक होतं. त्याच्या दोन ट्यूब घेतल्या, एक तिला, एक मला.

"टेस्ट सकाळी उठल्याउठल्या कर," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "आणि घरी सांग. एकटी करू नकोस."

मी संध्याकाळी सांगितलं. माझा नवरा गणपतींची आखणी करतो, परळ-लालबागमध्ये त्याच्या हातच्या डोळ्यांना नाव आहे. माझ्या वडिलांकडे तो कामाला आला आणि तिथेच आमचं जमलं. मी कपाटातली बाटली काढून टेबलावर ठेवली, शेजारी ट्यूब ठेवली, किट ठेवलं, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं होतं तोही माझ्यासारखाच हादरेल. मूषकाचा साचा त्यानेही पाहिला होता.

तो हादरला नाही. तो किटचं खोकं उलटंसुलटं करत राहिला.

"अहो, ऐकताय ना?"

"दोनदा फाटला होता," तो म्हणाला.

मला आधी अर्थच लागला नाही. "काय फाटला होता?"

"एकदा होळीच्या सुमारास. एकदा आत्ता, मागच्या महिन्यात. मी गुंडाळून टाकून दिला."

"आणि मला?"

"तू घाबरशील म्हणून नाय सांगितलं. म्हटलं, एखादा पीस खराब निघतो." मग तो एकदम मालवणीवर आला. घाबरला की तो येतोच. "माका भ्या वाटला गो. डॉक्टरीण काय बोलली होती ता माझ्या कानातून जाणा नाय."

त्या दिवशी मला धक्के कमी बसले नव्हते. पण डब्यातली वस्तू, भिंतीवरची ओळ, मेडिकलवाल्याची डबी, हे सगळं या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. मी त्याला लग्नापासून अहो म्हणत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या तोंडून तू निघालं.

"तुला कळलं होतं आणि तू गप्प बसलास? फाटल्यावर तीन दिवसांत घ्यायची गोळी असते. डॉक्टरकडे जाऊन ती मला चालेल का, दुसरं काही करता येईल का, हे विचारता आलं असतं. तेव्हा तू मला वाचवायचं होतंस! कारखान्यात मूर्तीला केसाएवढी चीर गेली तर तू मला हाक मारून दाखवतोस. आणि इथे माझा जीव टांगला होता, तेव्हा गुंडाळून टाकून दिलंस?"

तो रडला. मी त्याला रडू दिलं. खरं सांगायचं तर मला त्याची दया आली नाही. मला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं एका गादीवर झोपून माझ्याच शरीराची बातमी मला नव्हती.

सकाळी मी बाथरूमची कडी लावून टेस्ट केली. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवून मी नळाकडे बघत उभी राहिले. मुलांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती, थोरलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, धाकटा अजून माझ्याशिवाय डबा भरत नाही. मग बघितलं. एकच रेघ होती. मी पट्टी उजेडाकडे नेली, तिरकी केली, दुसरी रेघ कुठे फिकट तरी आहे का ते शोधलं. नव्हती. मी बादली उपडी घालून त्यावर बसले आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. दाराबाहेर तो उभा होता. त्याची सावली फटीतून दिसत होती. मी कडी काढली आणि पट्टी त्याच्या हातात दिली, तर तो तिथेच, ओल्या पायपुसण्यावर बसला.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, दोघंही. त्यांनी पुन्हा तपासलं. दिवस गेलेले नव्हते, पाळी जायची सुरुवात होती. कोरडेपणाही त्यातलाच आहे, त्यावर लावायचं औषध मिळतं, असं त्या म्हणाल्या. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं आग सोसली होती. पण पाळी पुरती गेली असं म्हणायला अजून वेळ होता, तोपर्यंत सांभाळून, असंही त्यांनी बजावलं. तेलाची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोकणातल्या किती बायका माझ्याकडे येतात," त्या म्हणाल्या, "आणि मी एकीलाही हे विचारलेलं नाही."

खोबरेलाची बाटली स्वयंपाकघरात परत गेली. नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होते. तो आखणीला बसला की मी समोरून निघून जायची. मैत्रीण फोनवर म्हणायची, सोडून दे आता, आणि मी म्हणायची, तुझं बरं आहे, तुझं नवीन मागवता येतं.

मग एका रविवारी दुपारी मुलं बाहेर गेली होती. ट्यूब मी उशीखाली ठेवली होती. जवळ आलो, पण मन पुरतं आलं नव्हतं माझं, कान टवकारलेलेच होते, कुठे काही फाटल्याचा आवाज येतोय का म्हणून. या वेळी दुखलं नाही. नंतर तो उठला आणि बाथरूममध्ये गेला. नळ सुटल्याचा आवाज आला.

"इकडे ये," त्याने हाक मारली.

मी चादर गुंडाळून दारात गेले. साचा जुना झाला की त्याला कुठे भोक पडलंय का ते आम्ही पाणी भरून बघतो, साचा उजेडात धरून. त्याने तसाच कंडोम नळाखाली भरला होता, तोंड चिमटीत धरलं होतं, आणि खिडकीच्या उजेडात वर करून उभा होता. आखणीच्या वेळी असतो तसा त्याचा हात अगदी स्थिर होता. पण मान त्याने माझ्याकडे वळवली होती.

"बघ," तो म्हणाला. "तूच बघ."

मी जवळ जाऊन खालून वरपर्यंत बघितलं. एकही थेंब गळत नव्हता.